वैतरणेचे पाणी खाली, बाटली वर

पालघर जिल्ह्यातल्या मोखाडा तालुक्यात, खोडाळ्याच्या बाजूला, सूर्यमाळचे पठार आहे. पावसाळ्यात इथे ओहोळ कुठला आणि धबधबा कुठला, हे सांगता येत नाही. सगळा डोंगर वाहत असतो. हे पाणी वैतरणेच्या खोऱ्यातून पश्चिमेला निघून जाते. खाली काळा कातळ, वर मातीचा पातळ थर आणि उतार तीव्र, त्यामुळे पाण्याला जिरायला जागाच मिळत नाही. शिमगा आला की विहिरी तळ गाठतात आणि भरपूर पावसाच्या या तालुक्यात पाड्यापाड्यांवर टँकर फिरू लागतात. टँकरचे पाणी कोरड्या विहिरीत सोडायचे आणि बायांनी ते पुन्हा दोराने शेंदून हंडे भरायचे, हा इथला उन्हाळा.

त्याच रस्त्याने आता दुसरे एक पाणी वर येते. कसारा, विहीगाव, खोडाळा असा घाट चढून, पर्यटकांच्या गाड्यांतून आणि दुकानांच्या मालाबरोबर, एक लिटरच्या पारदर्शक बाटलीत. पाणी पिऊन संपते आणि बाटली इथेच राहते. ती परत खाली का जात नाही, याचे उत्तर सूर्यमाळवर मिळणार नाही. त्यासाठी मुंबईचे नळ, सोड्याच्या बाटल्या, ठाण्यातला एक कारखाना आणि मुंबईत निघालेली एक अधिसूचना, असा दीडशे वर्षांचा प्रवास पाहावा लागतो.

नळ डोंगरापर्यंत पोचला

मुंबईला नळाचे पाणी मिळाले ते १८६० साली, विहार तलावातून. १८७९ मध्ये तुळशी आला. ते पुरेना म्हणून शहर आपल्या बेटाबाहेर पडले आणि १८९२ मध्ये शहापूर तालुक्यातल्या तानसा तलावाचे पाणी मुंबईत आले. त्या काळी मोखाडा हा शहापूरला जोडलेला इंग्रजी अमलाखालचा पेटा होता. शेजारचे जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान होते आणि १९४८ मध्ये ते मुंबई प्रांतात विलीन झाले.

स्वातंत्र्यानंतर शहराची नजर वैतरणेकडे वळली. महापालिकेचे अभियंते एन. व्ही. मोडक यांच्या नावाने ओळखला जाणारा मोडकसागर १९५७ साली उभा राहिला. १९७३ मध्ये नदीच्या वरच्या अंगाला, नाशिक जिल्ह्यात, अप्पर वैतरणा झाले. या दोन्हींच्या मधल्या दरीत, मोखाडा तालुक्यातल्या कोचाळे गावाजवळ, मुंबई महापालिकेने मध्य वैतरणा धरण बांधले. शंभर मीटरहून उंच असलेल्या या धरणातून शहराला रोज ४५५ दशलक्ष लिटर पाणी मिळते. २०१४ मध्ये त्याचे लोकार्पण झाले. वाडा तालुक्यात गारगाई आणि जव्हार तालुक्यात पिंजाळ, हे पुढचे दोन प्रकल्पही कागदावर तयार आहेत.

मुंबईच्या तहानेला दोष देण्याचे कारण नाही. त्या काळातल्या अभियंत्यांनी फार मोठे काम केले. डोंगरातले पाणी शंभरेक किलोमीटरवरच्या शहरात, बहुतांशी उताराच्याच जोरावर, कोट्यवधी माणसांच्या घरी पोचले. भांडुपला ते शुद्ध होते. आजही घरगुती पाण्याचा मूळ दर हजार लिटरला दहा रुपयांच्या आत आहे. या व्यवस्थेच्या मुळाशी एक समजूत होती: पिण्याचे पाणी ही सर्वांची सोय आहे, ती सर्वांनी मिळून उभी करायची. या समजुतीला जुन्या धर्मादायाचीही जोड होती. १८७६ साली केशवजी नाईक यांच्या नावाने मुंबईत बांधलेला दगडी प्याऊ त्याच भावनेतला. एसटी स्थानकावरचा माठ, शाळेतला डेरा, देवळाबाहेरची पाणपोई हीसुद्धा त्याच घरातली माणसे. वाटसरूला पाणी बरोबर बाळगावे लागत नव्हते आणि विकत तर मुळीच घ्यावे लागत नव्हते.

मात्र ही व्यवस्था खालीच उतरली, वर आली नाही. ज्या तालुक्यातून नळ निघाला त्या तालुक्यातले कितीतरी पाडे कोरडे राहिले. ही उणीव पुढच्या कथेत महत्त्वाची ठरते.

परत जाणारी बाटली

डोंगरात पाणी वाहून न्यायला पूर्वी तुंबा असे. भोपळा वाळवायचा, आतला गर काढायचा आणि रानात जाताना पाणी भरून खांद्याला लावायचा. त्याच वाळक्या भोपळ्यापासून वारली माणूस तारपा करतो. तुंबा फुटला की मातीत मिसळून जाई. पुढच्या पावसात वेल पुन्हा कुडावर चढे.

शहरात विकत मिळणारे पेय काचेत आले. इंग्रज हिराम कॉड याने १८७२ मध्ये गोळीच्या बाटलीचे पेटंट घेतले आणि गोटी सोडा हिंदुस्थानभर पसरला. पुण्यात १८८४ साली अर्देशीर यांचा सोड्याचा कारखाना निघाला, तर १८८९ साली मुंबईत दिनशॉजी पांडोळे यांनी ‘ड्यूक्स’ सुरू केले. पुढे पार्लेचे गोल्ड स्पॉट आले. १९७७ मध्ये कोका-कोलाने भारत सोडला आणि त्याच वर्षी थम्स अप बाजारात उतरले. हे सारे काचेच्या बाटलीत मिळे आणि ती बाटली गिऱ्हाइकाची नसे. दुकानाच्या फळीपाशी उभे राहून प्यायचे आणि बाटली जागेवर ठेवायची. घरी न्यायची तर अनामत ठेवायची. दुकानदाराचीही अनामत कंपनीकडे असे, म्हणून तो रिकामा क्रेट जपून ठेवी. मालाची गाडी भरलेले क्रेट उतरवी आणि रिकामे उचली. धुऊन, तपासून, पुन्हा भरून अशी एक बाटली वीस-पंचवीस फेऱ्या सहज करी.

या पद्धतीत दोन गोष्टी होत्या. बाटली परत आणण्याचा खर्च पेयाच्या किमतीतच धरलेला असे. दुसरे म्हणजे काच जड होती. लहान बाटलीत तर पेयाहून काचेचेच वजन अधिक. ती फार लांब नेणे परवडत नसल्याने सोड्याचे कारखाने तालुक्याच्या गावीही चालत आणि बाटलीचा फेरा जवळच्या जवळ पुरा होई. काचेच्या जडपणानेच त्या धंद्याला हद्द घालून दिली होती.

वागळे इस्टेटमधले पाणी

१९६५ साली ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये एक वेगळाच कारखाना निघाला. इटलीच्या फेलिचे बिसलेरी यांच्या नावाने चाललेल्या कंपनीचे डॉ. रॉसी आणि मुंबईचे खुशरू सनटूक यांनी बाटलीबंद पाणी विकायचे ठरवले. साधे पाणी पैसे देऊन कोण घेणार, असे तेव्हा कुणालाही वाटले असते. गिऱ्हाईक होते ते मोठ्या हॉटेलांपुरते. चारच वर्षांत, १९६९ मध्ये, पार्लेच्या चौहानांनी हा धंदा चार लाख रुपयांना विकत घेतला. त्यांना मुख्यतः सोड्यासाठी एक नाव हवे होते. तेव्हा बिसलेरीचे पाणीही काचेतच येई.

वैतरणेचे पाणी ज्या पट्ट्यातून शहराकडे जाते, त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातच बाटलीबंद पाण्याचा हा पहिला मोठा प्रयोग झाला. पुढची वीस वर्षे तो लहानच राहिला. नळावरचा विश्वास शाबूत होता आणि बाटली जड होती. या दोन्ही गोष्टी बदलल्या, तेव्हा धंद्याला पंख फुटले.

बाटली आधी बदलली. पॉलिएस्टरचा हा प्रकार, म्हणजे पेट, १९४१ मध्ये इंग्लंडात कापडासाठी शोधला गेला होता. अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीत काम करणारे नॅथॅनियल वायेथ यांनी कपडे धुण्याच्या साबणाच्या प्लॅस्टिक बाटलीत जिंजर एल भरून ती शीतकपाटात ठेवून पाहिली. वायूच्या दाबाने बाटली फुगली. असा दाब सोसणारी प्लॅस्टिकची बाटली करायचीच, या ध्यासातून पेटला ताणून, फुगवून घडवण्याची रीत निघाली आणि १९७३ मध्ये तिचे पेटंट झाले. खनिज तेलापासून निघणाऱ्या दोन रसायनांचा हा पदार्थ काचेसारखा स्वच्छ दिसतो, पडला तर फुटत नाही आणि लिटरभर पाण्याची बाटली वीस-पंचवीस ग्रॅममध्ये होते.

भारतात बिसलेरी काचेतून पीव्हीसीत आणि तिथून पेटमध्ये आली. गाडीत आता काचेऐवजी पेयच भरता येऊ लागले. फुटतूट संपली, धुण्याचा कारखाना नको, रिकामे क्रेट नकोत. प्रत्येक हिशेबात ही बाटली सरस ठरली, कारण एक रकाना त्या हिशेबातून काढूनच टाकला होता. बाटली परत आणण्याचा खर्च आता कुणाच्याच नावावर नव्हता. गिऱ्हाइकाने झाकण फिरवले की उत्पादकाची जबाबदारी संपली.

मग नळावरचा विश्वास डळमळला. वाढती शहरे, गळक्या वाहिन्या, कावीळ आणि हगवणीच्या साथी यांनी मध्यमवर्ग धास्तावला. १९९३ मध्ये कोका-कोला परतली, पार्लेची शीतपेये तिच्याकडे गेली आणि चौहानांनी पाण्यावर लक्ष एकवटले. पाठोपाठ १९९९ मध्ये अ‍ॅक्वाफिना आणि २००० मध्ये किनले बाजारात आले. २००१ मध्ये बाटलीबंद पाण्याला मानक संस्थेचे चिन्ह सक्तीचे झाले. २००३ मध्ये रेल्वेनेही स्वतःचे ‘रेल नीर’ काढले. त्याच वर्षी दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने अनेक नामांकित बाटल्यांमध्ये कीटकनाशकांचे अंश असल्याचे दाखवून दिले. नियम कडक झाले, पण खप थांबला नाही. लिटरला वीस रुपये, म्हणजे मुंबईतल्या नळाच्या पाण्याच्या दोन हजार पटींहून अधिक दर, लोक निमूटपणे देऊ लागले. स्थानकावरचा माठ कधी नाहीसा झाला, ते कुणाच्या ध्यानातही आले नाही.

घाट चढून

सूर्यमाळकडे बाटली आली ती रस्ते सुधारल्यावर आणि पावसाळी सहली वाढल्यावर. जव्हारचा राजवाडा, दाभोसा धबधबा, विहीगावचा धबधबा, देवबांधचा गणपती आणि सूर्यमाळ, अशी वाट मुंबई-ठाणे-नाशिकच्या लोकांना ठाऊक झाली. आलेल्या माणसाला पाणी लागते. वाटेत भरवशाचा नळ नाही, कारण नळाची ती व्यवस्था डोंगरात कधी उभीच राहिली नाही. गावकऱ्यांकडे मागावे तर त्यांचाच हंडा मैलभरावरून आलेला. मग बाटलीशिवाय दुसरा उपाय उरत नाही.

इथल्या घरांत पहिल्या काही बाटल्या वाया जात नाहीत. त्यांत गोडेतेल येते, बियाणे राहते, वीटभट्टीवर कामाला निघालेल्या माणसाच्या थैलीत पाणी भरून बाटली जाते. मोगऱ्याच्या किंवा आंब्याच्या नव्या रोपाशेजारी बुडाला बारीक भोक पाडून ती उलटी रोवतात आणि थेंबथेंब पाणी मुळाशी पोचते. आदिवासी घराची काटकसर बाटलीला चार जन्म देते. पण हंगामातल्या दर शनिवार-रविवारी येणाऱ्या बाटल्यांना पुरतील इतके जन्म कुठल्याच गावाकडे नसतात.

उरलेल्या बाटल्या भंगारवाला का नेत नाही? त्याचा हिशेब सोपा आहे. चाळीस-पन्नास बाटल्या वेचल्या तर एक किलो भरतो. पोते फुगते ते हवेने. कल्याण-भिवंडीच्या वखारीपर्यंत ते नेण्याचे भाडे मालाच्या किमतीहून जड होते. बिअरची काच तो उचलतो, लोखंड-पत्रा उचलतो आणि पेट ठेवून जातो. मोखाड्याच्या पाड्यांवर घंटागाडी नाही. मग बाटली चुलीत जाते, शेताच्या बांधावर जळते किंवा पहिल्या मोठ्या पावसात ओहोळाला लागते. बाटलीला जो हलकेपणा शहरातून इथवर घेऊन आला, त्याच हलकेपणामुळे ती इथून उचलणे कुणालाही परवडत नाही. आणि सूर्यमाळच्या उतारावरचा ओहोळ वैतरणेच्याच खोऱ्यात जातो.

नव्वद टक्क्यांच्या आत

या ठिकाणी एक आकडा पुढे केला जातो आणि तो खोटा नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने २०१७ मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार भारतातल्या पेटपैकी सुमारे ९० टक्के पेट पुन्हा वापरात येते. श्रीमंत देशांना हेवा वाटावा असा हा आकडा. त्याचे श्रेय कुठल्याही योजनेहून अधिक त्या लाखो कचरावेचकांना आणि भंगारवाल्यांना आहे, ज्यांना ना पगार ना हातमोजे. धारावीच्या तेरा कंपाऊंडसारख्या वस्त्यांत बाटल्या रंगाप्रमाणे वेगळ्या होतात, लेबले निघतात, चुरा होतो. चुरा पाण्यात टाकला की झाकणाचे तुकडे तरंगतात आणि पेट तळाशी बसते. इतक्या साध्या युक्तीवर तो धंदा उभा आहे.

पण हा आकडा सरासरीचा आहे. शहरात बाटल्यांची दाटी असते, वेचणारा माणूस असतो आणि वखार हाकेच्या अंतरावर असते, म्हणून तिथे तो खरा ठरतो. सूर्यमाळला यांतले काहीच नाही. शिवाय या पेटचा मोठा भाग पुन्हा बाटली होत नाही, त्याचा धागा होतो. उशीतले भरण, सतरंजी, टी-शर्ट असे त्याचे पुढचे रूप, आणि बहुतेक वेळा तिथेच प्रवास संपतो. दरम्यान पुढची बाटली नव्या तेलातून घडत राहते. काचेची बाटली बाटलीच राहून परत येई. पेटची बाटली एक पायरी उतरते आणि मग कचरा होते.

बाटलीतल्या पाण्याबद्दलही आता नवे प्रश्न उभे आहेत. २०२४ च्या आरंभी कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या बाटलीबंद पाण्यात लिटरमागे सरासरी २ लाख ४० हजार प्लॅस्टिककण मोजले. ते बहुतांश अतिसूक्ष्म होते. शरीरावर त्यांचा काय परिणाम होतो, याचा शोध चालू आहे. सुरक्षित म्हणून घेतलेल्या पाण्याबद्दल एवढी माहिती तरी गिऱ्हाइकाला असायला हवी.

कायद्यातला रुपया

महाराष्ट्राने या प्रश्नाचे मूळ ओळखले होते. २३ मार्च २०१८ रोजी राज्याने प्लॅस्टिक आणि थर्माकोलबंदीची अधिसूचना काढली. चर्चा पिशव्यांची झाली, पण तिच्यात बाटल्यांसाठी एक जुनी, शहाणी तरतूद होती: अनामत. एक लिटर आणि त्याहून मोठ्या बाटलीवर एक रुपया, लहान बाटलीवर दोन रुपये. बाटलीवर रक्कम छापायची, गिऱ्हाइकाकडून घ्यायची, रिकामी बाटली आली की परत द्यायची. थम्स अपच्या क्रेटमागचा हिशेब चाळीस वर्षांनी कायद्यात लिहिला गेला.

दुकानात तो रुजला नाही. बाटल्या साठवायच्या कुठे, पैसे कुणी फिरवायचे, यंत्रे कुणी बसवायची, यावर दुकानदार, कंपन्या आणि सरकार यांचे जुळले नाही. पुढे २०२२ मध्ये केंद्राने उत्पादकांवर जबाबदारी टाकणारे नियम आणले. २०२५-२६ पासून बाटल्यांसारख्या कडक वेष्टनांत ३० टक्के पुनर्वापरित प्लॅस्टिक असले पाहिजे आणि २०२८-२९ पर्यंत ते ६० टक्क्यांवर जायला हवे, असे बंधन आले. हे मोठे पाऊल आहे, कारण त्यामुळे बाटलीतून बाटली होऊ लागेल. पण ही जबाबदारी टनांत मोजली जाते. मुंबईत गोळा केलेला एक टन आणि मोखाड्यात पडून राहिलेला एक टन यांत हिशेबवहीला फरक दिसत नाही. जिथून गोळा करणे स्वस्त तिथून गोळा करायचे आणि प्रमाणपत्र मिळवायचे, हा धंद्याचा स्वाभाविक मार्ग. दुर्गम डोंगर त्या वहीतून आपोआप सुटतो.

दुर्गम जागांनी आपापले मार्ग काढले आहेत. सिक्कीममधल्या लाचेन गावाने २०१२ मध्येच बाटलीबंद पाण्यावर बंदी घातली. २०२२ पासून ती राज्यभर आली. त्याच वर्षी केदारनाथच्या वाटेवर प्रत्येक बाटलीमागे दहा रुपये अनामत घेण्याची योजना सुरू झाली. जर्मनीत २००३ पासून एकदा वापरायच्या बाटलीवर अनामत आहे, आता ती २५ सेंट आहे, आणि तिथे जवळजवळ प्रत्येक बाटली परत येते. आपल्याकडेही वीस लिटरचा पाण्याचा जार पाहा. त्यावर अनामत असते आणि जार कधी ओढ्यात सापडत नाही. तीच माणसे, तेच पाणी, तोच बाजार. रिकाम्या भांड्याला किंमत आहे की नाही, एवढाच फरक.

काचेकडे सरसकट परतणे हा उपाय नव्हे. एकदाच वापरून टाकलेली काच पेटहून अधिक इंधन खाते, आणि घाटात जड काच लांबून आणणे शहाणपणाचे नाही. काच चांगली ठरते ती जवळच्या फेऱ्यात. डोंगरात आधी हवे आहे ते पिण्याचे पाणी. खोडाळा, देवबांध, सूर्यमाळ, विहीगाव अशा थांब्यांवर शुद्ध पाण्याचे नळ असतील तर निम्म्या बाटल्यांची गरजच उरणार नाही आणि तोच नळ पाड्याच्याही कामी येईल. जे शहर या खोऱ्यातून रोज पाणी नेते, त्या शहराच्या महापालिकेने हा खर्च उचलणे न्याय्य आहे. मग उरलेल्या बाटल्यांवर अनामत, आणि ती रुपया-दोन रुपयांची नको. वीस रुपयांच्या बाटलीवर दहा रुपये असतील तर पर्यटक ती टाकणार नाही, आणि टाकली तरी गावातला मुलगा उचलेल.

हे करण्याचा अधिकारही गावापाशी आहे. जव्हार आणि मोखाडा हे अनुसूचित क्षेत्रातले तालुके आहेत. १९९६ च्या पेसा कायद्याने आणि २०१४ च्या राज्य नियमांनी आपल्या हद्दीतले जलस्रोत सांभाळण्यात ग्रामसभेला मानाची जागा दिली आहे. सूर्यमाळची ग्रामसभा ठराव करू शकते. तो तडीस न्यायला मात्र जिल्हा परिषद, कंपन्या आणि मुंबई यांनी साथ द्यायला हवी. ज्या राज्याने या डोंगरातले पाणी शंभरेक किलोमीटर खाली नेऊन दाखवले, त्याला रिकामी बाटली खोडाळ्याच्या बाजारापर्यंत आणणे अशक्य नाही. अनामत २०१८ मध्येच लिहिली गेली आहे. तिची रक्कम वाढवून ती दुकानाच्या गल्ल्यात आणणे, हे या डोंगराचे आपल्यावरचे देणे आहे.